कालचा दिवस ठेवायचा कुठे?

बाजारातून आणलेल्या ऋतूंच्या तक्त्यावर हमखास एक बर्फाचा माणूस असतो. गळ्यात मफलर, नाकाच्या जागी गाजर. शेजारच्या चौकटीत लाल-पिवळी पानं गाळणारं झाड. आपल्याकडचं चार वर्षांचं मूल हा तक्ता बिनचूक पाठ करतं, बोट ठेवून 'विंटर' म्हणून दाखवतं. पण मंडईत आलेली बोरं, हरभऱ्याचे घाटे, सकाळी अंगावर चढवलेला स्वेटर यांचा त्या चित्राशी काही संबंध आहे, हे त्याच्या मनातही येत नाही. वारांचीही तीच गत. सोमवार, मंगळवार, बुधवार असं एका दमात म्हणणाऱ्या मुलाला 'आज कुठला वार?' विचारलं, की ते पुन्हा सोमवारपासून सुरुवात करतं आणि रविवारपाशी थांबून आपल्या तोंडाकडे बघतं.

यात मुलाचं काही चुकत नाही. चेंडू दाखवता येतो, आंबा हातात देता येतो, बुधवार कुठे दाखवणार? आणि तो आला तरी रात्री झोपेत निघून जातो. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या बोलण्यात 'काल' म्हणजे आजच्या आधीचं सगळं: कालची भाजीही काल आणि मागच्या दिवाळीतला किल्लाही कालच. गेलेले दिवस कुठे रांगेनं ठेवलेले त्यानं पाहिलेलेच नसतात. म्हणून वार, हवा आणि ऋतू शिकवण्यासाठी घरी काहीही करायला घेतलं, तरी मला एकच कसोटी महत्त्वाची वाटते. संपलेला दिवस आजच्या शेजारी डोळ्यांना दिसत राहतो का? रोज बाण फिरवायचा तक्ता या कसोटीला उतरत नाही. बाण पुढे सरकला की काल पुसला गेला.

दुसरी गोष्ट क्रमाची. आधी हवा, मग वार, ऋतू सगळ्यांत शेवटी. हवा आज, आत्ता, अंगाला लागते. वार कळायला आठवडा उलटावा लागतो, तोही पुन्हा पुन्हा. ऋतू कळायला वर्ष लागतं, आणि चार वर्षांच्या मुलाला आठवणारे पावसाळे एक किंवा दोन. बालवाडीच्या पुस्तकांत हा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो.

हवेची सुरुवात चित्रांनी करायला हरकत नाही. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद कापून हाताच्या पंजाएवढी सात-आठ चित्रं करा: ऊन, ढग, पाऊस, वारा, धुकं, दव, गारा, वीज. बर्फ नको. वरच्या कडेला भोक पाडून दोरा ओवा, भिंतीवर ताणलेल्या सुतळीला कपड्यांच्या चिमट्यानं अडकवा. नियम एकच, पण पक्का: चित्राला हात लावण्याआधी बाहेर जाऊन यायचं. खिडकीतून बघणं पुरत नाही. हात बाहेर काढायचा, मान वर करायची, अंगणातली माती ओली आहे का ते पायानं पाहायचं. हा नियम ढिला सोडला की मूल रोज सर्वांत सुंदर चित्र निवडतं, म्हणजे बहुधा पाऊस, तेही भर एप्रिलमध्ये. दुसरी गडबड मोठी माणसं करतात, एका दिवसाला एकच चित्र लावायला सांगून. जूनमधला दिवस सकाळी उन्हाचा, दुपारी ढगांचा आणि संध्याकाळी धो धो पावसाचा असतो. श्रावणात तर ऊन आणि पाऊस एकाच मिनिटाला. दोन चित्रं लावू द्या, तीन लावू द्या. आणि कालची काढू नका. आठवडाभराची चित्रं एका रांगेत राहिली पाहिजेत, म्हणजे प्रत्येक चित्राच्या चार-पाच प्रती लागतात. त्या आधीच कापून ठेवा.

फेब्रुवारीनंतर हा खेळ मरगळतो. रोज ऊन, रोज तेच चित्र. इथेच बहुतेक घरांत सुतळी रिकामी पडते. तेव्हा चित्रं बाजूला ठेवून मोजायला लागायचं, आणि त्यासाठी आपल्या घरात फार चांगली साधनं आधीपासून आहेत.

पहिलं साधन खोबरेल तेलाची बाटली. शुद्ध खोबरेल २४ ते २५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि त्याखाली थिजतं. म्हणजे पुण्या-नाशकाकडच्या डिसेंबरातल्या सकाळी ते पांढरं घट्ट, ऊन चढलं की कडेनं सुटायला लागलेलं, दुपारी पाण्यासारखं पातळ. लहान काचेच्या बाटलीत दोन बोटं तेल घाला, झाकण घट्ट लावा आणि तिची जागा ठरवून टाका: उत्तरेकडची खिडकी, गॅसपासून आणि फ्रिजच्या मागच्या गरम हवेपासून दूर. मूल सकाळी उठलं की बाटली तिरकी करून बघेल. हललं नाही तर वहीत पांढरा ठिपका, हललं तर निळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे ठिपके एकाखाली एक आले की थंडी कधी आली आणि कधी गेली हे कुणी सांगावं लागत नाही. दोन गोष्टी मोठ्यांनी ध्यानात ठेवायच्या. सुवासिक केसांच्या तेलात खनिज तेल मिसळलेलं असेल तर ते थिजत नाही, म्हणून खाण्याचं किंवा घाण्याचं घ्यावं. आणि एकदा पूर्ण वितळलेलं तेल हवा थोडी गार झाली म्हणून लगेच थिजत नाही, बराच वेळ पातळच राहतं. म्हणून नोंद रोज एकाच वेळी, सकाळी उठल्या उठल्या. कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात हा प्रयोग हिवाळ्यातल्या मोजक्या पहाटेच साधेल. तिथे ठिपके निळेच जास्त येतात, आणि तीही नोंदच आहे.

दुसरं साधन ओला रुमाल. सुती, एक फूट लांब-रुंद, घड्या नसलेला. बुडवा, पिळा, ठरलेल्या दोरीवर एकाच चिमट्यानं टांगा. मे महिन्यात नागपुरात किंवा जळगावात मूल पोहे खाऊन परत येईतो तो वाळलेला असतो. जुलैत रत्नागिरीला दुसऱ्या दिवशीही दमट, वर कुबट वास. महिन्यातून एकदा, शक्यतो पहिल्या रविवारी, हे करावं आणि रुमाल वाळेपर्यंत काय काय उरकलं त्याची चित्रं काढावीत. तास-मिनिटं मुलाला कळत नाहीत, पण 'जेवण झालं, झोप झाली, तरी ओलाच' हे कळतं. बरणीतल्या मिठाला सुटलेलं पाणी आणि सादळलेला पापडही याच जोडीला दाखवता येतात.

पावसाचं माप मात्र जरा नीट बनवावं लागतं. दोन लिटरची गुळगुळीत प्लॅस्टिकची बाटली घ्या, नक्षी आणि खाचा नसलेली. खांदा संपून बाटली सरळ होते तिथे कापा. वरचा भाग झाकण काढून उलटा नरसाळ्यासारखा खालच्या भागात बसवा, कडांना चिकटपट्टी लावा म्हणजे बोट कापणार नाही. नरसाळ्यामुळे आतलं पाणी उन्हानं लवकर उडत नाही. आता खरी अडचण: बाटलीचा तळ फुगीर पाकळ्यांचा असतो, त्यामुळे पहिल्या काही सेंटिमीटरचं माप खोटं येतं. तळाशी बारीक खडी घाला, बाटली जिथे सरळ होते तिथवर पाणी ओता आणि त्या रेषेवर रंगानं शून्याची खूण करा. खडीमुळे बाटली वाऱ्यानं पडतही नाही, तरी दोन विटांमध्ये ठेवावी. जागा मोकळी हवी. भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. पागोळ्यांखाली ठेवली तर छपराचं पाणी मोजलं जातं, आणि फ्लॅटच्या बाल्कनीत ठेवून तर काहीच हाती लागत नाही. गच्चीची किल्ली सोसायटीकडून मागून घ्या.

मोजायचं कसं? मोजपट्टीनं नाही. दोन सेंटिमीटर रुंदीच्या निळ्या घोटीव कागदाची पट्टी बाटलीला लावायची, शून्याच्या रेषेपासून पाण्यापर्यंत खूण करायची, तेवढी कापायची आणि वहीत त्या तारखेवर उभी चिकटवायची. पाणी जितकं उंच, पट्टी तितकीच. अंक न येणाऱ्या मुलाच्या वहीत जूनअखेर पावसाचा आलेख तयार असतो आणि गेलेला प्रत्येक दिवस त्यात स्वतःच्या उंचीनं उभा असतो. पाऊस पडला नाही त्या दिवसाची जागा रिकामी सोडायची, वगळायची नाही. माण, खटाव, जतकडच्या घरांत या रिकाम्या जागाच जास्त असतील आणि तिथल्या मुलानं त्या बघायलाच हव्यात. तिकडे पट्ट्या फारच बुटक्या येत असतील तर एक उपाय आहे. ११ सेंटिमीटर तोंडाच्या नरसाळ्याखाली निम्म्या, म्हणजे साडेपाच सेंटिमीटर व्यासाचा सरळ ग्लास ठेवा. व्यास निम्मा म्हणजे तळाचं क्षेत्रफळ पाव, म्हणून पाणी चौपट उंच चढतं. वर्षभर तोच ग्लास वापरा, नाहीतर पट्ट्यांची तुलना फसते. घाटमाथ्यावर आणि कोकणात उलटी अडचण: एका रात्रीत बाटली भरून वाहते. तिथे ती दिवसातून दोनदा मोजून रिकामी करा आणि दोन पट्ट्या एकावर एक चिकटवा.

भारतीय हवामान विभाग सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा पाऊस मोजतो. घरीही हीच वेळ ठेवलेली बरी. शाळा त्याआधी भरत असेल तर सात, पण रोज सात. विभागाच्या हिशेबात २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच तो 'पावसाचा दिवस', आणि २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की जोरदार पाऊस. शून्याच्या रेषेपासून साडेसहा सेंटिमीटरवर एक लाल रेघ मारून ठेवा. बातम्यांत जोरदार पावसाचा इशारा आला की मूल दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी त्या रेघेला पोचलं का ते स्वतः बघेल. आणि एक काळजी: मोजून झाल्यावर शून्याच्या रेषेवरचं जादाचं पाणी रोज ओतून टाकायचं आणि आठवड्यातून एकदा खडीसकट सगळं धुऊन शून्यापर्यंत ताजं पाणी भरायचं. साठलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचे डास अंडी घालतात.

आता वार. वारांसाठी मला करवंट्या सर्वांत आवडतात. सात करवंट्या गोळा करा. नारळ फोडल्यावर डोळे असलेल्या अर्ध्या भागात एक डोळा मऊ असतो. तो खिळ्यानं सहज उघडतो आणि पाणी निचरायला भोक मिळतं. दुसऱ्या अर्ध्या भागाला मोठ्यांनी तापल्या खिळ्यानं भोक पाडावं लागतं. प्रत्येकीत तीन-चार बोटं माती. रात्री मूठभर गहू भिजत घाला, सकाळी त्यातले पंधरा-वीस दाणे पहिल्या करवंटीत पेरा, वर मातीचा पातळ थर आणि दोन चमचे पाणी. दुसऱ्या दिवशी दुसरी करवंटी, तिसऱ्या दिवशी तिसरी. सगळ्या एकाच ओळीत, एकाच उजेडात. आठव्या दिवशी सकाळी खिडकीत एक आख्खा आठवडा उभा असतो: एका टोकाला चार बोटं उंच हिरवे कोंब, मग थोडे बुटके, मग नुसती टोकं, आणि शेवटी काहीच नसलेली माती. 'काल पेरलेलं कुठलं?' विचारलं की मूल बोट ठेवतं. 'सोमवारी?' विचारलं की मोजत मोजत मागे जातं. मागे जाणं हाताला कळतं ते इथेच.

बिघडतं ते बहुतेक पाण्यानं. मूल दर तासाला पाणी घालतं, दाणे कुजतात, पांढरी बुरशी धरते, वास मारतो. पाण्यासाठी चमचाच द्या, तांब्या देऊ नका. दुसरं म्हणजे दाण्याचं काय झालं हे बघायला मूल माती उकरणारच. रागावण्यापेक्षा आठवी करवंटी 'उकरायची' म्हणून वेगळी पेरावी. गव्हाऐवजी हळीव, मूग, मेथी चालतात. गुंजा दिसायला कितीही सुरेख असल्या तरी लहान मुलाच्या हातात देऊ नयेत, त्या विषारी असतात. एरंडाच्या बियांचंही तेच.

नवरात्रात ज्यांच्या घरी घट बसतो त्यांच्याकडे हे सगळं वेगळ्या रूपात असतंच. घटाखालच्या मातीत धान्य रोज वाढतं आणि वर रोज एक माळ चढते. मुलाच्या हातून ती माळ ओवून घेतली, 'आज कितवी?' विचारलं, तर नऊ दिवस हे शब्द न राहता नऊ माळा होतात. घरातली ही जुनी रीत दिवस शिकवायला इतकी नेमकी आहे की तिच्यापुढे कुठलाही छापील तक्ता कमी पडतो.

करवंट्या आठवडाभर पुरतात. वर्षभरासाठी सात खिशांची पट्टी शिवावी. जुन्या चादरीचं किंवा जाड साडीचं कापड, लांबी १०० सेंटिमीटर, रुंदी २२. खिशांसाठी सात तुकडे, प्रत्येकी १४ बाय १५ सेंटिमीटर. तीन बाजूंनी एक-एक सेंटिमीटर आत दुमडून आणि वरची कड दोन सेंटिमीटर दुमडून साधारण १२ बाय १२ चा खिसा होतो. दोन खिशांत एक सेंटिमीटर जागा सोडली तरी दोन्ही टोकांना दुमडायला कापड उरतं. वरच्या कडेत कामटी घाला, नाहीतर खिसे भरल्यावर पट्टी मधोमध लोंबते.

खिशावर वाराचं नाव लिहायच्या आधी त्या घरात त्या वाराला काय होतं ते चित्र शिवावं किंवा चिकटवावं. हे प्रत्येक घराचं वेगळं. कुणाचा गावचा बाजार मंगळवारी भरतो, तर म्हापशाचा शुक्रवारी. कुठे शनिवारी सकाळची शाळा आणि आजीबरोबर मारुतीला रुईच्या पानांची माळ, कुठे शुक्रवारी अब्बांबरोबर मशीद, वसईत रविवारी चर्च. पुण्यातल्या मुलाला तर सातही वारांच्या पेठा पायी फिरून दाखवता येतात. बाहेरच्या चित्रांपेक्षा ही खूण पक्की बसते, कारण मूल तो दिवस त्या गोष्टीनंच ओळखत असतं. नसलेल्या खुणा ओढूनताणून आणू नका. सातांपैकी तीनच वारांना खूण मिळाली तरी चालतं. उरलेले 'बाजाराच्या आदला', 'बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचा' असे ओळखू येतात, आणि तसेच ते ओळखायला हवेत.

खिशात रोज संध्याकाळी त्या दिवसाची एक वस्तू: बसचं तिकीट, रस्त्यात सापडलेलं पान, पेन्सिलीचं साल, चित्र. वस्तू मुलानं निवडायची. आठवडा संपला की सगळं बाहेर काढून क्रमानं मांडायचं, हवं ते वहीत चिकटवायचं, बाकीचं टाकायचं. आठवडा कुठून सुरू करायचा, रविवारपासून की सोमवारपासून, हे घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून ठरवा. पट्टीवर एक आणि कॅलेंडरवर दुसरं असं झालं की मूल विनाकारण गोंधळतं.

सरळ पट्टीला एक मर्यादा आहे: शेवटच्या खिशानंतर भिंत येते, आणि पुढे काय हे मुलाला दिसत नाही. वार पुन्हा फिरून येतात हे कळायला चाक लागतं. खोक्याच्या पुठ्ठ्यावर १२ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्याचे सात सारखे भाग कोनमापकानं करायला गेलात तर ५१ अंश आणि वर काही असा त्रास होतो. त्याऐवजी कंपास १०.४ सेंटिमीटर उघडा आणि परिघावर पावलं टाकत जा. सातवं पाऊल पहिल्या खुणेवर येतं. आस म्हणून खिळा वापरू नका, भोक मोठं होत जातं. पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना शर्टाचं एक-एक बटण ठेवून जाड दोऱ्यानं सैलसर शिवलं की चाक वर्षभर नीट फिरतं. पावसाळ्यात पुठ्ठा फुगतो आणि अडकतो. आधीच दोन्ही बाजूंना रुंद चिकटपट्टी लावून टाकावी. कागद चिकटवायला घरची खळ छान, दोन चमचे मैदा कपभर पाण्यात शिजवून. तिला कसर लागू नये म्हणून पूर्वी मोरचूद घालत, पण ते विषारी आहे, मुलांच्या खळीत घालू नये. खळ थोडी करावी, दोन-तीन दिवसांत संपवावी. मात्र पावसाळ्यात भिंतीवर टांगायच्या गोष्टींना फेविकॉलच बरा, खळीचा कागद झुरळं रात्रीतून खातात.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. विकतची साधनं न परवडणाऱ्या मुलांसाठी त्यांनी खडे, शिंपले, पानं, बिया हेच शिकण्याचं साहित्य केलं. स्वस्त म्हणून ते चांगलं होतंच, पण मला त्यातली दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. ते साहित्य तिथल्याच मातीतलं असल्यानं ऋतूबरोबर बदलत होतं. प्लॅस्टिकचं फूल बाराही महिने फुललेलं असतं.

वाट बघण्यासाठी कागदाच्या कड्यांची साखळी सगळ्यांना माहीत आहे. गणपतीला इतके दिवस, रोज एक कडी काढायची. फक्त चार वर्षांच्या मुलासाठी दहा कड्यांच्या वर जाऊ नका, तीस कड्या त्याला तीनशेएवढ्याच. आणि काढलेली कडी फेकू नका, दुसऱ्या दोऱ्यात ओवा. उरलेले दिवस एका दोऱ्यात आणि झालेले दुसऱ्यात, असे दोन्ही दिसले पाहिजेत.

ऋतूंकडे वळायला वय पाच व्हावं. आपल्याकडे ते तीन मानावेत की सहा? लहान मुलापुरते तीनच: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. वसंत, शरद, शिशिर ही नावं त्याला झाडांकडून कळू द्यावीत, पाठ करून नकोत. चपलांच्या तीन खोक्यांत वस्तू वर्गवारीनं ठेवण्याचा खेळ चांगला आहे, पण त्यातल्या वस्तू तुमच्या गावच्या असाव्यात. कूलरच्या वाळ्याची काडी विदर्भातल्या मुलाला उन्हाळा सांगते. कोकणातल्या मुलाला रातांब्याची साल सांगते. रत्नागिरीच्या मुलाच्या हिवाळ्याच्या खोक्यात जाड स्वेटर उगाच. ऑक्टोबरात एक पेच येतो: पाऊस गेला, थंडी नाही, ऊन तर रणरणतं. मूल विचारेल, हे कुठल्या खोक्यात? उत्तर देऊ नका, दोन खोक्यांच्या मधे ठेवू द्या. ऋतू एका तारखेला बदलत नाहीत हे समजायची ती नेमकी वेळ आहे. संक्रांतीच्या सुगडातला ऊस, बोरं, गाजर, हरभरा आणि गव्हाच्या ओंब्या एकेक करून बाहेर काढून मुलासमोर मांडल्या, तर हिवाळ्याचं खोकं आयतं भरतं.

झाड निवडताना नारळ आणि आंबा टाळा, ते दुरून बाराही महिने सारखेच दिसतात. पानं गाळणारं हवं: देशी बदाम, पिंपळ, कडुनिंब, बहावा, पळस. घरापासून पायी पाच मिनिटांवरचं. पंधरा दिवसांनी एकदा जायचं, एकाच जागेवरून बघायचं, एक पान घेऊन यायचं. देशी बदाम हिवाळ्यात लाल होऊन झडतो, पिंपळाला उन्हाळ्याच्या तोंडावर तांबूस कोवळी पानं येतात, पळस होळीच्या सुमारास पानांशिवाय फुलतो, बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळा होतो. पानं वर्तमानपत्रात दाबून ठेवताना पहिले तीन दिवस कागद रोज बदला. पावसाळ्यात तेवढ्यानंही बुरशी येते, तेव्हा दोन कागदांमध्ये ठेवून कोमट इस्त्री फिरवा. वर्षाची चोवीस पानं एका लांब कागदावर ओळीनं लावली की पुढच्या वर्षी त्याच झाडाखाली उभं राहून 'आता काय होणार?' विचारता येतं.

सूर्याचं काम सावलीच्या काठीवर सोपवा. ३० सेंटिमीटरची सरळ काठी डब्यात मातीत रोवा, दोऱ्याला खडा बांधून ओळंब्यानं ती उभी आहे का ते तपासा, गच्चीवर डब्याची जागा कायमची आखा. दर रविवारी दुपारी साडेबाराला सावलीच्या टोकावर नेलपॉलिशचा ठिपका द्या. खडूची खूण पावसात जाते. पुण्याच्या अक्षांशावर २१ डिसेंबरच्या सुमारास ही सावली साधारण २७ सेंटिमीटर असते, २१ मार्चला १०, आणि १३-१४ मेच्या आसपास ती काठीच्या बुडाशीच संपते. शून्य सावलीचा हा दिवस कोल्हापुरात ७ मेच्या जवळपास येतो, मुंबईत १५ मे, नागपुरात २६ मे. मुंबईत त्या दिवशी सूर्य डोक्यावर येण्याची वेळ साधारण १२ वाजून ३५ मिनिटं, नागपुरात १२ वाजून १० मिनिटं. वर्षातून दोनदा असं होतं, पण दुसरी वेळ जुलै-ऑगस्टच्या ढगांत हरवते. टोपी घालून पाच मिनिटांत काम उरकावं, आणि सूर्याकडे बघायचं नाही हे आधीच सांगून ठेवावं. ठिपक्यांची रांग काठीकडे सरकत येते, उन्हाळा जवळ आला हे मूल जमिनीवर वाचतं.

पावसाळ्यासाठी पंचांगात मुलांच्या आवडीची एक गोष्ट आहे. मृगापासून हस्तापर्यंत पावसाची नऊ नक्षत्रं, प्रत्येक साधारण तेरा-चौदा दिवसांचं, आणि प्रत्येकाला एक वाहन: बेडूक, हत्ती, म्हैस, मोर, कोल्हा, उंदीर, गाढव, मेंढा, घोडा. कुठल्या नक्षत्राला कुठलं वाहन, हे दरवर्षी बदलतं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस, अशी समजूत. प्राण्यांची चित्रं काढून पावसाच्या वहीत त्या त्या नक्षत्राच्या डोक्यावर लावा. नक्षत्र संपलं की त्यातल्या सगळ्या निळ्या पट्ट्यांएवढी एक लांब सुतळी कापून प्राण्याच्या गळ्यात बांधा. हस्त संपता संपता, हादग्याच्या दिवसांत, नऊ सुतळ्या शेजारी टांगल्या की कुणी किती पाणी आणलं ते दिसतं. हत्तीनं कमी आणि कोल्ह्यानं जास्त आणलं असेल, तर मूल ते मोठ्यानं सांगेल. आजीलाही सांगू द्या. समजूत खोडायची गरज नाही, माप समोर टांगलेलं आहे.

परदेशातल्या मराठी घरांनी इथला तक्ता तिथे टांगू नये. न्यू जर्सीतल्या मुलाच्या खोक्यात बर्फाचा माणूस खराच असतो आणि त्याला चार खोकी लागतात. सिडनीत दिवाळी वसंतात येते, संक्रांत भर उन्हाळ्यात, आणि काठीची दुपारची सावली दक्षिणेला पडते. तिळगूळ द्यावा, पण 'थंडी म्हणून' असं कारण न सांगता, आजीच्या गावी आत्ता थंडी आहे असं सांगावं. दोन गावांच्या हवेच्या दोन सुतळ्या शेजारी टांगून फोनवर रोज विचारायचं, 'तुमच्याकडे आज काय?'

सहाव्या वर्षी मूल पट्टीवरचे सेंटिमीटर वाचायला लागतं. तेव्हा मागच्या जूनची वही काढा, चिकटवलेल्या निळ्या पट्ट्यांवर मोजपट्टी ठेवून प्रत्येकीखाली आकडा लिहून घ्या. मग नव्या वर्षीच्या पट्ट्या समोरच्या पानावर, त्याच तारखांना.